शेजारणीचा मुलगा

कोल्ड स्प्रिंग, मिझुरी
१२ सप्टेंबर १९९५

प्रिय आयरिस,

आईच्या पुस्तकांची अकराही खोकी पोचली. पोस्टमनने ती फाटकाशीच उतरवली, कारण आमच्या खडीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीचं पोट घासतं. मुलांनी ढकलगाडीच्या चार खेपा केल्या. टिर्झाने तर वाटेतच एक खोकं फोडलं आणि रस्त्याकडेला फतकल मारून वाचायला बसली. ती सात वर्षांची आहे. तू तिला एकदाच पाहिलंयस, आईच्या दफनाच्या दिवशी, तुझ्या चांगल्या कोटाला जेलीचा हात पुसताना.

सहा वर्षांत आपण नाताळच्या कार्डांपलीकडे बोललो नाही. तरी तू पुस्तकं विकून टाकली नाहीस, मला धाडलीस. आभार. हा शब्द लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा घाईने वाचू नकोस.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मुलं आठ आहेत आणि नववं फेब्रुवारीत येईल. भुवया खाली घे. सकाळी सहाला शेळ्यांच्या धारा, सातला बायबल, मग ओटची लापशी, आणि आठ वाजता जेवणाचं टेबल पुसलं की तीच शाळा. केझाया सोळाची झाली, ती धाकट्यांकडे बघते. मी एका हाताने पावाचं पीठ मळते आणि दुसऱ्या हाताने भागाकार तपासते. राज्याच्या नियमाचे हजार तास आम्ही एप्रिलमध्येच उरकतो. व्हर्ल लाकूड कापायच्या कारखान्यातून घरी आला की मुलं ओळीने उभी राहतात आणि दिवसभरात शिकलेलं त्याला म्हणून दाखवतात.

आणि आमचा आसा! अकरा वर्षांचा आहे. गेल्या रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून बायबलातलं याकोबाचं अख्खं पत्र, पाचही अध्याय, एका दमात म्हटलं. पुस्तक हातात उघडं होतं, पण बघायची गरजच पडली नाही. बायका डोळे पुसत होत्या आणि व्हर्लची छाती शर्टात मावत नव्हती. चर्चमधल्या आयांच्या मंडळात ‘घरी वाचन कसं शिकवावं’ यावर दर महिन्याला मी बोलते, तेही सांगून टाकते, म्हणजे फुशारकी एकदाची संपेल.

तू म्हणाली होतीस, ‘मर्ना, स्वयंपाकघरात शाळा भरत नाही, नुसता पसारा भरतो.’ पसारा आहे. शाळाही आहे.

दिवसभर माझ्याभोवती आठ तोंडं चालू असतात, तरी माझ्या वयाच्या कोणाशी बोलायचं म्हटलं तर शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत जावं लागतं. त्यामुळे पत्र लांबलं.

अजूनही तुझी बहीण,
मर्ना


डुलुथ, मिनेसोटा
१ ऑक्टोबर १९९५

प्रिय मर्ना,

भुवया खालीच आहेत. पंचेचाळिशीत त्या तशाही फार वर जात नाहीत.

पसाऱ्याचं वाक्य मी विसरले होते असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. मी म्हणाले होते, आणि जसं म्हणाले तसं ते वाईटच होतं.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. बावीस वर्षं त्याच सरकारी शाळेत, त्याच खोलीत, वाचताना अडखळणारी मुलं माझ्याकडे येतात. घरी मांजर होतं, ते ऑगस्टमध्ये गेलं. रविवारी मोठं पातेलं भरून सूप करते आणि गुरुवारपर्यंत तेच खाते. यजमानीण मीच, पाहुणीही मीच. आठ मुलांचा गोंगाट कसा असेल याचा परवा मी जेवताना विचार करत बसले आणि सूप गार झालं.

मुलांना सांग, खोक्यातलं एकेक पुस्तक घ्या आणि मावशीला एकेक पत्र लिहा. निळ्या कापडी बांधणीचं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचं पुस्तक आसाला दे. आई ते दर हिवाळ्यात काढायची. त्याला कुठला भाग आवडला ते मला त्याच्या शब्दांत हवं.

आयरिस


कोल्ड स्प्रिंग
१९ ऑक्टोबर

प्रिय आयरिस,

सोबत सहा पत्रं. दोघांना अजून खडू तोंडात घालायचं वय आहे, त्यांना सूट दे. कागदांवरचे काळे डाग अक्रोडांचे आहेत. सध्या अंगणभर अक्रोड पडलेत आणि सालं सोलून सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झालेत.

आसाने फार आढेवेढे घेतले. आधी कुंपण दुरुस्त करायचं होतं, मग बोट दुखत होतं, मग शेळी लंगडत होती. त्याला लिहायचा कंटाळा आहे, मुलग्यांना असतोच. शेवटी कोठारात जाऊन बसला आणि लिहून आणलं. कुत्रं वादळात मेंढीचं कोकरू शोधतं तो भाग त्याला आवडला. मला तर जेवताना त्याने ती गोष्ट अशी रंगवून सांगितली की जोएल रडायला लागला.

व्हर्ल म्हणाला, “शाळेच्या बाईंचा गृहपाठ पोस्टाने यायला लागला वाटतं?” पण हसत म्हणाला.

मर्ना


डुलुथ
३० ऑक्टोबर

प्रिय मर्ना,

सहाही पत्रं मी शाळेत नेऊन मधल्या सुट्टीत दोनदा वाचली. टिर्झाला सांग, माझ्या कोटावरची जेली अजून आहे आणि मी तिला माफ केलंय.

आसाची मात्र चोरी पकडली. मजकूर अकरा वर्षांच्या मुलाचा आहे आणि अक्षर टिर्झाचं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघ. बहिणीला काय लाच दिली कोण जाणे. रागावू नकोस, त्या वयात मी तुझ्याकडून भांडी घासून घेत होते आणि आईला सांगत होते मीच घासली. आळशी मुलगे मला ओळखता येतात.

त्याच्यासाठी वेगळं पत्र ठेवलंय, दोन पानांचं. याचं उत्तर त्याच्याच हातचं हवं. कितीही वेडंवाकडं चालेल.

आयरिस


कोल्ड स्प्रिंग
१६ नोव्हेंबर

प्रिय आयरिस,

आसाला सर्दी झालीये. उत्तराला वेळ लागेल.

तुला दुसरंच विचारायचं होतं. आमच्या चर्चमध्ये एक बाई आहे. शेजारीणच म्हण, दीड मैलावर राहते. तिलाही बरीच मुलं आहेत आणि तीही घरीच शिकवते. तिच्या एका मुलाला कोणाचं तरी पत्र आलं. त्याने ते कोठारामागे नेऊन धाकट्या बहिणीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग आईसमोर उभं राहून घडाघडा वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. पण आईच्या लक्षात आलं की त्याच्या हातात वर दुसरं पान आहे आणि तो पहिलं वाचतोय.

तिने साखरेच्या पिशवीवरची ओळ त्याच्यापुढे धरली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मला चष्मा लागलाय बहुतेक, आई.” तिने बायबल उघडलं. अख्खं पान म्हणाला. तिने मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, “हा कोणता?” तर ओठ हलवत त्याने पानाच्या सुरुवातीपासून मनात म्हणायला घेतलं आणि त्या शब्दाशी येऊन थांबला. बरोबर सांगितला. मुलगा मूर्ख नाही, आयरिस. एवढं डोकं त्याने नुसतं लपवण्यात घातलं. साधारण आसाच्याच वयाचा आहे.

तू म्हणशील, आईचे डोळे काय गहाण पडले होते? पण त्यांच्या घरात सगळं मोठ्याने वाचतात आणि सगळं पाठ करतात. धडा थोरली वाचते, बाकीचे मागून म्हणतात. उघड्या पुस्तकापुढे उभा राहून पाठ म्हणणारा मुलगा आणि वाचणारा मुलगा यांच्यात तिला फरक दिसला नाही. बाहेरच्या कोणाला दिसला असता. त्यांच्याकडे बाहेरचं कोणी येतच नाही.

नवऱ्याला सांगायची तिला भीती वाटते. तो चर्चच्या कारभाऱ्यांपैकी आहे आणि याच मुलाच्या पाठांतराचं गावभर कौतुक सांगतो. मंडळात सांगावं तर तिथल्या बायका तिला विचारून आपल्या मुलांना शिकवतात. आणि बातमी फुटली, कोणी जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार केली, तर सगळ्याच मुलांची चौकशी होईल.

तुझ्या वर्गात अशी मुलं येतात. शेजारणीने काय करावं? घाई नाही. म्हणजे लवकर कळवलंस तर बरं.

मर्ना


डुलुथ
२२ नोव्हेंबर

प्रिय मर्ना,

तुझ्या शेजारणीला आधी एक कप कॉफी करून घे म्हणावं आणि ती गरम असतानाच प्यायला सांग. मोठ्या घरातल्या बायका गार कॉफीच पितात.

मग रोज वीस मिनिटं. एकविसावं नको. बेकिंगच्या ट्रेमध्ये मक्याचं पीठ पसरायचं, त्यात बोटाने एकेक अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. अगदी पहिल्या अक्षरापासून. मुलगा म्हणेल, हे तर बाळाचं काम आहे. तिने सोबत स्वतःही काढावं. ओळखीची पुस्तकं बंद, बायबल तर मुळीच नको, त्याला ते पाठ आहे. पाकिटात शब्दांच्या चिठ्ठ्या आहेत. ते शब्द मीच बनवलेत, त्यांना काही अर्थ नाही. अर्थ असला की तो अंदाज बांधणार. इथे प्रत्येक अक्षराकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही. तो हसेल. हसू दे.

यात बुद्धीचा काही दोष नाही हे तिला दोनदा सांग. काही मुलांचं अक्षरांशी पटकन जमत नाही, मग ती कानांवर भागवतात. अशांचे कान आणि आठवण आपल्याला लाजवेल अशी असते.

नवऱ्याला सांगायला हवं. पण ते तिचं ती बघेल.

आसाच्या उत्तराची घाई नाही. सर्दीत मुलांना त्रास देऊ नये.

आयरिस


कोल्ड स्प्रिंग
१४ जानेवारी १९९६

प्रिय आयरिस,

शेजारणीने आभार सांगितलेत. तिचा वर्ग व्हॅनमध्ये भरतो. आमच्यासारखीच त्यांची पंधरा माणसांची व्हॅन आहे. धारा झाल्या की ती आणि मुलगा कोठारामागे व्हॅनच्या मागच्या सीटवर जाऊन बसतात, काचा वर करून. घरात माणसंच एवढी आहेत की गुपित ठेवायला दुसरी जागा नाही. ट्रे त्याच्या मांडीवर, तोंडातून वाफा, बोटं गारठलेली. तुझ्या शब्दांना तो खरंच हसतो. ‘फिम्बल’ म्हणजे शेळीचा आजार असणार असं त्याचं मत आहे. नाताळच्या आठवड्यात तेलाच्या डब्यावरचे तीन शब्द त्याने आपणहून लावले.

आता वाईट सांगते. तिच्या थोरल्या मुलीला सगळं ठाऊक होतं. पाच वर्षं. त्याच्या वह्या तीच लिहायची. शेजारणीने विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” मुलगी भांडी विसळत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, “तू थकलेली असायचीस, आई. आणि त्याने पाठ म्हटलं की तू किती खूश व्हायचीस.”

पहिल्या तिघांना तिने मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं होतं. याच्या वेळी मांडीवर एक होतं आणि पोटात दुसरं. हा टेबलाखाली बसून ऐकायचा. तिला वाटलं, शिकला.

त्या दिवसापासून तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्यासारखं वाटतं. माणसं भरपूर आहेत, सगळी तिला आई आई करतात, आणि खरं काय ते तिला कोणीच सांगत नव्हतं. तीही कोणाला सांगत नाही, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

या महिन्यात मंडळात मी वाचनावर बोलले नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

मर्ना


डुलुथ
२४ जानेवारी

प्रिय मर्ना,

तुमच्या घरात सर्दी फार होते.

शेजारणीला माझी एक गोष्ट सांग. ही मी कोणाला सांगितलेली नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. केस कायम ओले विंचरलेले. वर्षभर ती माझ्यासमोर बसून चित्रं बघायची, गोष्ट बनवायची आणि वाचल्यासारखी म्हणायची. मी मान डोलवायची. हे ओळखणं माझा धंदा आहे, मर्ना, त्यासाठीच मला ठेवलंय. मला मे महिन्यात कळलं, ते पण दुसऱ्या बाईंनी सांगितलं म्हणून. जूनमध्ये ते कुटुंब गाव सोडून गेलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही.

तो मे महिना सहा वर्षांपूर्वीचा. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, केझायाला शाळेतून काढतेय, घरी शिकवणार. मी ते पसाऱ्याचं वाक्य तुझ्या तोंडावर मारलं आणि फोन ठेवला. राग माझा माझ्यावर होता आणि तू सापडलीस. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं तू फोन करशील. तुलाही तसंच वाटलं असणार.

नव्या चिठ्ठ्या पाठवतेय. फेब्रुवारी आला. मला तुझी काळजी वाटते. शेजारणीचीही वाटते.

आयरिस


कोल्ड स्प्रिंग
९ मार्च

प्रिय आयरिस,

मुलगी झाली, १९ फेब्रुवारीला, घरीच. सुईण वेळेवर पोचली, व्हर्ल नाही. नाव फीबी. दोघी बऱ्या आहोत.

दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच वाजता मंडळातली कोणीतरी जेवण घेऊन आली. नूडल्स आणि चीजचा ट्रे, हिरव्या शेंगांचा ट्रे, पुन्हा नूडल्स. प्रत्येक ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव. आमच्यात ही पद्धत चांगली आहे, बाळंतपणाला येतात, पाय मोडला तर येतात, कोणी वारलं तर अख्खी हॅम घेऊन येतात. मी रोज ठरवायची, आज जी येईल तिला सांगायचं. आणि रोज दारात बाळ खांद्यावर घेऊन म्हणायची, “देवाच्या दयेने सगळं छान आहे.” मग ट्रे घासून परत करायची. एवढ्या बायका माझ्या दारात येऊन गेल्या आणि माझ्यासारखी एकटी मीच.

शेजारीण नाहीये, आयरिस. दीड मैलावर आमच्याकडे कोणी राहतच नाही. आसा आहे तो.

आता तो लहान वाक्यं वाचतो. मी अंथरुणावर होते तेव्हा व्हॅनमध्ये केझाया बसायची त्याच्याबरोबर. व्हर्लला अजून माहीत नाही. मी रोज रात्रीच्या जेवणाला सांगायला तोंड उघडते आणि मीठ मागते.

मे महिन्यात चर्चच्या तळघरात घरी शिकणाऱ्या मुलांची संध्याकाळ असते. बारा घरची मुलं, आपापलं काहीतरी दाखवतात. व्हर्लने जाहीर करून टाकलंय, यंदा आसा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय म्हणणार. आसाने तो ऐकून ऐकून कधीच पाठ केलाय. तो म्हणेल, टाळ्या पडतील. मी गप्प राहिले की सगळं आहे तसं राहील, माझं मंडळ, व्हर्लचा मान, सगळं. फक्त त्या पोराला कळेल की त्याच्या आईलाही पाठ म्हणणारा आसाच हवाय. मी काय करू ते मला कळत नाही, आणि विचारायला तूच आहेस.

मर्ना


डुलुथ
१५ मार्च

प्रिय मर्ना,

माहीत होतं. शेजारणीच्या मुलाला ‘कोणाचं तरी’ पत्र आलं तेव्हाच. पण आसाची ‘चोरी पकडली’ म्हणून मी मिरवले तेव्हा खरं काय ते मलाही ओळखता आलं नव्हतं, आणि तू ते बोलून दाखवलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट.

काय करायचं ते मी सांगणार नाही, मागे एकदा सांगून बघितलंय. एवढंच म्हणते, आता माझ्या चिठ्ठ्या बंद कर आणि त्याने कधी न ऐकलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेव. पीठ आणि चिठ्ठ्या मी पोस्टाने सुचवल्या. थंडीत त्याच्याशेजारी तू बसलीस.

बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर इथून लिहीत राहीन.

आयरिस


कोल्ड स्प्रिंग
१९ मे १९९६

प्रिय आयरिस,

संध्याकाळ झाली, परवा शुक्रवारी. मी व्हर्लला आधी सांगितलं नाही. मीठ मात्र घरात सर्वांना पुरून उरेल एवढं मागून झालं.

तळघरात घडीच्या खुर्च्या, मागे कॉफीचं मोठं भांडं, टेबलावर फळं भरून भाजलेल्या सात पाई. कोणी व्हायोलिन वाजवलं, टिर्झाने शिवलेला एप्रन दाखवला. मग आसाचं नाव पुकारलं. व्हर्लने फीबीला माझ्याकडे दिलं आणि पुढे सरकून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

आसा उभा राहिला. हातात बायबल, मिटलेलं. म्हणाला, “मी आज पाठ म्हणणार नाही. वाचणार आहे. ब्रदर ऑर्विल, तुम्ही कुठलंही पान काढून द्या.” मला यातलं काही ठाऊक नव्हतं, शपथ. ब्रदर ऑर्विल ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना वाटलं कार्यक्रमातच आहे. त्यांनी डोळे मिटून पुस्तक उघडलं आणि निघालं काय, तर नहेम्या, तिसरा अध्याय. यरुशलेमची भिंत कोणी कोणी बांधली त्यांची यादी. आमचे पास्टरसुद्धा ते पान उलटून पुढे जातात.

त्याने बोट ठेवलं आणि सुरू केलं. मरेमोथ. मशुल्लाम. मशेजबेल. एकेक नाव, एकेक तुकडा, ओठ आधी हलायचे, मग आवाज यायचा. तुझ्या फिम्बलची ही सगळी भावंडंच. सहा ओव्यांना नऊ मिनिटं लागली. खुर्च्या करकरायला लागल्या. बायका मांडीकडे बघत होत्या. मागे कोणाचा तरी मुलगा फिदीफिदी हसला आणि त्याला चापट बसली. व्हर्ल वळून माझ्या कानाशी कुजबुजला, “काय झालंय याला? परवापर्यंत तर घडाघडा म्हणत होता!”

आयरिस, माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर वाचन ऐकलं नाही, आणि त्या खोलीत ते ऐकणारी मी एकटी होते. केझाया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही होती म्हण. दोघी.

तो थांबला. थोड्या टाळ्या पडल्या, घसरून पडलेला खेळाडू उठला की वाजवतात तशा. लव्हॉन माझ्या शेजारी होती, मंडळाची चिटणीस. तिने माझा हात थोपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घाबरला गं बिचारा. पुढच्या वर्षी छान म्हणेल.” माणूस चांगली आहे. तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. आसा माझ्याकडे बघत होता.

मी फीबीला घेऊन उभी राहिले. म्हणाले, “घाबरला नाही. नोव्हेंबरपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पाठ म्हणायचा आणि मी ते वाचन समजत होते. वाचन कसं शिकवावं ते तुम्हाला दर महिन्याला सांगायची ती मीच. आज त्याने वाचलं.” शेवटचं वाक्य बहुतेक फार मोठ्याने गेलं, कारण फीबी रडायला लागली.

मग कोणीतरी म्हणालं पाई कापूया, आणि सगळे उठले. आमच्या टेबलाशी आम्हीच होतो. शनिवारी फोन वाजला नाही. आज चर्चमध्ये सगळ्या हसल्या, हात कोणी धरला नाही, आणि लव्हॉनने सांगितलं की जूनपासून वाचनावर दुसरी कोणीतरी बोलेल, तुला तान्हं बाळ आहे ना, तू विश्रांती घे. मी दुपारभर स्वयंपाकघरात नुसती बसून होते. या वेळी कोणी ट्रे घेऊन येणार नाही हे माहीत असूनही पाच वाजता माझं लक्ष फाटकाकडे गेलं.

जूनमध्ये तुझी शाळा सुटेल. ये. व्हर्लला विचारलंय. तो म्हणाला, “येऊ दे.” सध्या तो माझ्याशी एवढंच बोलतो.

शुक्रवारी परत येतानाचं सांगते आणि थांबते. बावीस मैल व्हर्ल गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे सगळी मुलं. गावाबाहेर पडल्यावर त्याने विचारलं, “तुला कधी कळलं?” मी म्हणाले, “नोव्हेंबरात.” तो म्हणाला, “आता मे आहे, मर्ना.”

तिसऱ्या सीटवरून आसाने विचारलं, “आई, मी किती चुका केल्या?”

“चार,” मी म्हणाले. मी मोजल्या होत्या.

तो म्हणाला, “पाच. ‘अडसर’ मी वाचला नाही. आधी दरवाजे होते, कड्या होत्या, म्हणून ओळखला. कोणाला कळलं नाही.”

व्हर्लने आरशात त्याच्याकडे बघितलं आणि गाडी हळू केली. मलाही कळलं नव्हतं, आयरिस. त्याने आपणहून सांगितलं.

वाट बघते,
मर्ना